खरे जर्मन

वेन्यामिन लुकिचला युद्धाचे सिनेमे बघवत नसत, आणि पोटासाठी तो तेच बनवायचा. रायफली, शिरस्त्राणं, पट्ट्यांची बक्कलं हे त्याचं खातं. त्रेचाळीस सालची बंदूक कुणी एक्केचाळीसच्या सैनिकाच्या खांद्याला लटकवली की त्याचं डोकं फिरायचं. सगळ्यात जास्त राग त्याला सिनेमातल्या जर्मनांचा यायचा. बाह्या दुमडलेल्या, हरेकाच्या हातात मशीनगन, आणि ती कमरेला धरून आंधळा गोळीबार.

"अहो, अख्ख्या तुकडीत तसली मशीनगन एकट्या तुकडीप्रमुखाकडे असायची," तो दिग्दर्शिकेला सांगायचा. "बाकीचे साधी रायफल घेऊन तंगडतोड करायचे. दमलेले, धुळीने माखलेले."

"वेन्यामिन लुकिच, प्रेक्षक जर्मन ओळखतो तो मशीनगनवरूनच," रिम्मा एदुआर्दोव्ना म्हणायची. "तुमचे हे बघून त्याला वाटेल, सशाच्या शिकारीला निघालेत."

तिने मशीनगनची एक पेटी मागवलीसुद्धा. ह्याने पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. शेवटी ती कंटाळली आणि म्हणाली, करा बाबा तुमच्या मनासारखं.

मग काय, गड्याला रान मोकळं. त्याने हौशी मंडळी गोळा केली. सुट्टीच्या दिवशी जुने गणवेश चढवून माळावर लढाया खेळणारे हे लोक. त्यांचा एक नियम होता: जर्मन गणवेश अंगावर चढला की तो उतरेपर्यंत रशियन शब्द तोंडातून काढायचा नाही. वेन्यामिनला तो नियम फार आवडला. एक माणूस आजारी पडला तेव्हा त्याच्या जागी तो स्वतःच उभा राहिला.

चित्रीकरण व्याझ्मा शहराच्या अलीकडच्या, अर्ध्या ओस पडलेल्या गावात होतं. जूनचं ऊन मी म्हणत होतं आणि पाण्याची गाडी आली नव्हती. मधल्या सुट्टीत सगळे रांगेने गावातल्या विहिरीकडे निघाले, खांद्यावर रायफली, पाय ओढत. विहिरीशेजारच्या अंगणात एक म्हातारी बसली होती, येव्लाम्पिया साव्विश्ना. तिच्याजवळ तिची पणती तास्या मातीत खेळत होती. एकाने जर्मनमध्ये पाणी मागितलं. म्हातारी उठली, बादली दिली, मग आत जाऊन पदराएवढ्या एप्रनमध्ये अंडी घेऊन आली आणि वाकून पुढे केली. पोरं खूश. वेन्यामिनही खूश, कारण घाम पुसायची त्यांची तऱ्हासुद्धा अगदी त्या काळातली वाटत होती. म्हातारी का वाकली, हे त्या शहाण्याच्या डोक्यातही आलं नाही.

दुपार कलली तेव्हा चालू चित्रीकरणात एक बाई किंचाळत घुसली. ही लारिसा, तास्याची आई, गावातलं दुकान चालवणारी.

"पोर कुठाय माझी? तुम्ही मेल्यांनी काय केलंत म्हातारीला? हात मातीने भरलेत तिचे, अन् म्हणते, कोण तास्या? माझ्या घरात लहान पोर नाहीच!"

कुणाला काही कळेना. वेन्यामिनला मात्र कळलं. म्हातारीने पोर लपवली होती, त्यांच्यापासून.

"तळघर पाहिलंत?"

"आधी तेच पाहिलं! गावभर ओस घरं आहेत, प्रत्येकाचा बटाट्याचा खड्डा आहे. वर्षानुवर्षं सडतायत त्यात बटाटे. अहो, पलीकडच्या गावात नवरा-बायको खड्ड्यात उतरले, ते त्या विषारी वाफेने आतच मेले!"

तो धावत सुटला, कपडे बदलायचंही भान राहिलं नाही. म्हातारी बाकावर बसली होती. त्याला पाहताच ती उठली आणि हसली. तसलं लाचार हसू त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"आजी, अहो सिनेमा चाललाय! मी रशियन आहे, आपलाच!"

"हो साहेब. तुमच्यात आपले पण आहेत, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "अंडी संपली. कोंबडी न्या."

जर्मनांची चाकरी धरलेला फितूर, असं समजत होती ती त्याला. त्याने डगला फेकला, कुणाचा तरी सदरा चढवला. काही उपयोग झाला नाही. लारिसा तिच्या पाया पडली, रडली, खांदे धरून गदागदा हलवलं. मागे गावभर लोक झाकणं उचकटत होते, हाका मारत होते, "तास्या! तास्या!" कुठूनही ओ येत नव्हती.

"आजी, सिनेमातले आहेत गं ते!"

"मला शिकवू नकोस," म्हातारी लारिसाच्या कानाशी पुटपुटली. "सिनेमातले जर्मन मी दर मे महिन्यात, विजयदिनाला टीव्हीवर बघते. ते असे नसतात. हे खरे आहेत."

लारिसाने ते तसंच्या तसं मोठ्याने सांगितलं. वेन्यामिनने खिशातली किल्ली काढली आणि रिम्मा एदुआर्दोव्नाच्या हातावर ठेवली.

"तुमचे जर्मन आणा. बाह्या दुमडा. पळा, बाई, पळा!"

गल्लीतून ते आले तेव्हा बघवत नव्हतं. छात्या पुढे काढलेल्या, हरेकाच्या कमरेला मशीनगन, आभाळात तडतड गोळीबार, पुढे एकजण एका डोळ्याला काच लावून, हात वर करा म्हणून बोंबलतोय, "हेन्डे होख!" रिम्मा मागून ओरडत होती, "अजून जोरात! आणखी मूर्खासारखं!" वेन्यामिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोही ओरडत होता.

म्हातारीने डोळे बारीक केले. तिच्या खांद्यांतला ताण हळूहळू उतरला. मग ती खळखळून हसली.

"अगं बाई, हा तर सिनेमा! केवढी ही सोंगं!" आणि तिचा हात एकदम तोंडाशी गेला. "तास्या!"

तिने दाखवलं तिथे, झुर्किन कुटुंबाच्या जळक्या घरामागे खाजऱ्या झुडपांच्या रानात एक झाकण होतं, त्यावर माती लोटलेली. वेन्यामिन श्वास कोंडून खाली उतरला. पोर कोपऱ्यात लुळी पडली होती. त्याने तिला वर दिलं, स्वतः कसाबसा चढला आणि गवतावर पडून ओकत राहिला. लारिसा पोरीला थोपटत होती, फुंकर घालत होती. शेवटी तास्याने एक मोठा श्वास घेतला, खोकली, आणि रडायला लागली.

"ओ का नाही दिलीस गं? इतक्या हाका मारल्या मी!" लारिसा हुंदके देत म्हणाली.

"ऐकत होते मी, आई. पणजी म्हणाली होती, आईने हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

म्हातारी खाली बसली. तिने आपल्या मातकट हाताने पोरीच्या केसांतली माती झाडली.

"शहाणी गं माझी," ती म्हणाली. "तेव्हा, युद्धात, आमच्या छोट्या पेत्याने ओ दिली होती."