निळ्या वायरचं सुटं टोक

आमच्या घरात सुटं टोक चालत नाही. दोरा असो, नाडी असो की पिशवीचा बंद, लोंबकळताना दिसला की मास्तर तो ओवतील, खोचतील, नाहीतर गाठ मारून मोकळे होतील. मास्तर म्हणजे माझे यजमान. त्यांचा सगळा जन्म शिवणयंत्रावर गेला. सून घरात आली तेव्हा तिलाही त्यांनी पहिला धडा हाच दिला, आणि तिने तो माझ्या मुलापेक्षा चांगला गिरवला. मुलगा मालाच्या गाडीवर चालक झाला, कात्री सुनेच्या हातात राहिली.

त्या दिवशी दुपारी तीनला सुनेची परीक्षा होती. एका मोठ्या नाटकघराला पोशाख बेतणारं माणूस हवं होतं, तेही घरी बसून काम करणारं. तिथल्या पोशाखवाल्या बाई लॅपटॉपवरून तिचं काम बघणार होत्या. कापड कशी आखते, कशी कापते, तयार झगा कसा उतरलाय, सगळं. इतकी वर्षं तिने शिवलेलं सगळं मास्तरांचं म्हणून ओळखलं गेलं. हे काम मिळालं तर पहिल्यांदा ते तिचं म्हणून ओळखलं जाणार होतं. आणि बाईंनी आधीच कळवलं होतं, ठरलेली वेळ हुकली तर दुसरी मिळणार नाही.

जेवणं आटोपून ती शिवणखोलीत कॅमेरा लावायला गेली आणि तिथूनच मला हाक मारली. आवाज शांत होता. ती घाबरली की तिचा आवाज फार शांत होतो. इंटरनेट गेलं होतं. वाय-फायची खूण अगदी भरलेली दिसत होती, पण एक पान उघडेल तर शपथ. माझ्या फोनवरही तेच; आमच्या गल्लीत मोबाइलची रेंज जेमतेम बोलण्यापुरतीच.

आमच्याकडे इंटरनेट येतं ते बाहेरच्या खोलीतल्या राउटरवर. मधल्या दोन जाड भिंतींतून वाय-फाय पार होत नाही, म्हणून तिथून एक वायर भिंतीच्या कडेने शिवणखोलीत नेली आहे. तिथे टेबलाखाली एक चपटा डबा आहे, एका ओळीत भोकं असलेला. मुलगा त्याला स्विच म्हणतो. त्या डब्यातून एक वायर प्रिंटरला जाते, एक त्या खोलीपुरतं वाय-फाय देणाऱ्या पांढऱ्या डबीला, आणि एक भरतकामाच्या मशीनला. मशीन मात्र त्या सकाळीच दुरुस्तीला गेलं होतं.

मुलाला फोन लावला. तो वाटेत कुठेतरी थांबला होता. सगळं बंद करून चालू करा म्हणाला. त्याचं ते सगळ्या रोगांवरचं एकच औषध. केलं. दिवे लागले, एक पान उघडलं, सुनेच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि पुन्हा सगळं ठप्प. मग तो म्हणाला, पांढरी डबी मेली असणार, नवी आणा. मास्तरांनी लगेच पायात चपला घातल्या.

"थांबा बाबा," सून म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको. डबी बिघडली असेल तर बाहेरच्या खोलीत तरी चालेल."

तिने लॅपटॉप बाहेर नेला आणि थेट राउटरला वायरने जोडला. तरीही काही नाही. म्हणजे वाय-फाय बिचारं निर्दोष होतं. कंपनीला फोन केला, तर त्यांनी सांगितलं की तुमच्या दारापर्यंत सगळं ठीक आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मास्तर म्हणाले, सगळा पसारा शेजाऱ्यांकडे नेऊ. पण कापायचं टेबल त्यांनीच खोलीत उभं राहून बांधून घेतलेलं, दारातून निघण्यासारखं नाही.

सून जमिनीवर बसली. मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "आई, मशीनमध्ये दोरा गुंतला की आपण काय करतो?"

"सगळा काढून पहिल्यापासून ओवतो."

ती उठली आणि शिवणखोलीकडे जाणारी वायर तिने राउटरमधून उपटली. माझ्या मांडीवरचा फोन टुणटुणायला लागला. अडकून पडलेले निरोप एकामागून एक आले. गुंता शिवणखोलीत होता तर.

मग तिने टेबलाखाली जाऊन डब्यातल्या सगळ्या वायरी काढल्या, राउटरकडची वायर पुन्हा जोडली आणि मला बाहेर फोन घेऊन बसवलं. एकेक वायर लावायची आणि मला विचारायचं. पांढरी डबी लावली, मी ओरडले, आहे. प्रिंटर लावला, आहे. निळ्या वायरचं टोक लावलं, आहे. आणखी एक टोक उरलं होतं, तेही लावलं.

"गेलं," मी म्हणाले.

तिने ते टोक काढलं आणि ती वायर जाते कुठे ते बघायला बोटांमधून ओढत निघाली, शिवण तपासतात तशी. टेबलाच्या पायाला वळसा घालून ती परत त्याच डब्याशी आली. दोन्ही टोकं एकाच डब्यात होती. डब्यातून निघालेला निरोप फिरून डब्यातच येत होता, पुन्हा निघत होता, पुन्हा येत होता. सगळे एकदम बोलणारं घर जसं दारावरची थाप ऐकत नाही, तशी गत झाली होती.

ती निळी वायर भरतकामाच्या मशीनची. आम्ही दोघींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते.

"टोक जमिनीवर लोळत होतं," ते म्हणाले. "आणि समोर रिकामं भोक होतं."

"मग काय, खोचलंत," मी म्हणाले.

"बसलं पण अगदी घट्ट."

सून इतकी हसली की तिला डोळे पुसून कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं.

तीनला बाई पडद्यावर आल्या. बोलणं मोजकं, चेहरा इस्त्री केलेला. सुनेने कापड पसरलं, खडूने आखलं आणि एका दमात कात्री चालवली. चित्र एकदाही अडकलं नाही. मग बाईंनी झगा उलटा करून दाखवायला सांगितला. अस्तर, बाह्या, घेराची दुमड, सगळं त्या अगदी जवळून बघत राहिल्या. आतली बाजू कुठली ते विचारावं लागतंय, असं शेवटी म्हणाल्या. धाग्याचं एक टोक कुठे दिसत नाही, हे कोणी शिकवलं?

"आमच्या बाबांनी," सून म्हणाली आणि तिने कॅमेरा टेबलाखाली वळवला. मास्तर तिथे मांडी घालून बसले होते. ते निळं टोक त्यांनी मुठीत धरून ठेवलं होतं, कोणी पुन्हा खोचू नये म्हणून. म्हणजे स्वतःपासूनच राखण.

बाईंनी विचारलं, हे काय. सुनेने सगळं सांगितलं. तेव्हा ती इस्त्री मोडली आणि बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "काम तुमचं. पहिल्या नाटकाची मापं सोमवारी पाठवते. पोशाखावर नाव कोणाचं घालायचं?"

सुनेने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. टेबलाखालून मास्तर म्हणाले, "जरा मोठ्याने सांग, त्यांना नीट ऐकू जाऊ दे."

मशीन दुरुस्त होऊन यायला बरेच दिवस लागले. तोवर ते टोक टेबलाच्या पायाशी लोंबकळत राहिलं, पण उघडं नाही. मास्तरांनी झग्याच्या उरलेल्या मखमलीची एक टोपी शिवून त्याला घातली होती, वर बारीक बटण लावून.