‘पण’ म्हणायचं राहिलं

सोमवारपासून गुलेदला मागे पडणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवायचं, असं शाळेने जवळजवळ ठरवलंच होतं. त्याच्या आईला, हिबाकला बोलावलं होतं ते तिचं मत ऐकायला. तिचा जीव तेव्हापासून थाऱ्यावर नव्हता. भात करपत होता, बस चुकत होती, नमाजात मधेच शाळेचं दार डोळ्यांपुढे येत होतं.

त्या वर्गाचं नाव निघालं की या परक्या शहरातल्या सोमाली मॉलमधल्या बायका आवाज खाली करत. शेजारच्या धुदीचा थोरला त्या दारातून आत गेला, तो अजून तिथेच होता. आणि गुलेद घरात क्षणभर गप्प बसेल तर शपथ. बापाकडच्या वीस पिढ्यांची नावं घडाघडा म्हणणारं सात वर्षांचं पोर, शाळेत म्हणे सप्टेंबरात वर्ग सुरू झाल्यापासून एक शब्द बोललेलं नाही.

शाळेने दुभाष्या देऊ केला होता. हिबाकने साफ नाही म्हटलं. दुभाष्या म्हणजे चहावाल्या रूबलेचा मेहुणा. दुपारी शाळेत ऐकलेलं संध्याकाळी मॉलमधल्या प्रत्येक टेबलावर पोचणार, आणि पोराला जन्मभराचं नाव चिकटणार. त्यापेक्षा स्वतःचं मोडकंतोडकं इंग्रजी परवडलं.

इंग्रजी शिकवायचे समतरमास्तर, मॉलच्या तळघरात. त्या आठवड्यात योगायोगाने धडा होता मत सांगण्याचा. ‘आय अ‍ॅग्री’ सगळ्या बायकांनी एका सुरात म्हटलं. ‘आय डोन्ट अ‍ॅग्री’ला वर्ग अडला.

“हे काय तोंडावर म्हणायचं?” धुदी म्हणाली. “मास्तर, आमच्या गावात असं म्हणणाऱ्याचे उंट सकाळी सापडत नाहीत.”

“इथे तोंडावर म्हणतात, आणि मग एकत्र जेवायला जातात,” मास्तर म्हणाले.

“निर्लज्ज आहेत मग,” धुदी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हिबाकला हसू आलं नाही. तिने दोन्ही वाक्यं घोकून घोकून पाठ केली.

बोलायचं कसं, हे मात्र तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिकडे गावी, बुराओला, तिचे वडील कुळाच्या बैठकीत उठत, तेव्हा समोरच्याचं सगळं बोलणं आधी त्याला परत करत. तू असं म्हणालास, बरोबर. तू तसं म्हणालास, तेही खरं. एक वाक्य गाळलं तरी तो अपमान. सगळं परत करून झालं की ते थांबत, पाणी पीत, आणि मग ‘पण’ म्हणत. त्या ‘पण’पुढे भलेभले गार पडत. बैठकीला चहा नेऊन देता देता हिबाकने हे इतकं ऐकलं होतं की बोलायची दुसरी काही रीत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

ठरल्या दिवशी शाळेत वर्गशिक्षिका मिस लॉरा आणि मुख्याध्यापक ओल्सन बसले होते. लॉरा हळू, गोड बोलली. हिबाक हातमोजे कुरवाळत ऐकत राहिली. मग तिची पाळी आली.

“तुम्ही म्हणता, माझा मुलगा गप्प. आय अ‍ॅग्री,” ती इंग्रजीत म्हणाली. “तुम्ही म्हणता, तो डोळ्यांत बघत नाही. आय अ‍ॅग्री. त्या छोट्या वर्गात शिक्षक चांगले. खूप चांगलं मत. आय अ‍ॅग्री.”

सगळं परत करून झालं. एकही वाक्य गळलं नव्हतं. वडील असते तर खूश झाले असते. मग ती थांबली, आणि पाण्याचा घोट घेतला.

लॉराने उठून तिला मिठीच मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ओल्सननी हात पुढे केला, हिबाकने परपुरुषाचा हात न धरता रीतीप्रमाणे आपला हात छातीवर ठेवला, आणि बघता बघता ती बाहेर बाकावर आली.

मधली सुट्टी असेल, असं तिला वाटलं. बैठकीतही चहाला उठतातच. तिने ‘पण’नंतरची वाक्यं पुन्हा घोकली. पाय स्वस्थ राहीनात. खिडकीशी जाऊन ती परत आली. मग लाल कोटातली एक आई आली आणि सरळ आत गेली. दार बंद झालं. हिबाकने मास्तरांना फोन लावला.

“मास्तर, ही माणसं चहाला किती वेळ उठतात?”

“कोण उठलं?”

तिने सगळं सांगितलं.

“अबायो, अगं बहिणी, तू ‘पण’ म्हणालीस का?” मास्तरांनी विचारलं.

“‘पण’ आता यायचाय ना. आधी त्यांचं परत केलं.”

“बाई गं, ही माणसं ‘पण’साठी थांबत नाहीत. तू हो म्हणालीस. संपलं. पोरगं गेलं त्या वर्गात.”

“गेलं कसं? मी बोललेच कुठे अजून?”

“हे मला नको सांगूस. आत जा.”

आपण आपल्याच तोंडाने लेकराला त्या दारापाशी नेऊन सोडलं, हे तिला आता उमगलं, आणि स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांपुढे भिंत हलली. फोन चालूच होता. दारावर टकटक करणं तिला सुचलं नाही, ती दार ढकलून आत शिरली.

आत तिघंही वळून बघायला लागले. लाल कोटातली बाई अर्धवट उठली.

“आय डोन्ट अ‍ॅग्री,” हिबाक म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच उद्धट वाटला.

“पण मघाशी तुम्ही सगळं मान्य केलंत,” लॉरा गोंधळून म्हणाली.

“तुमचं ऐकलं, ते सांगितलं. माझं राहिलं.”

ओल्सननी घड्याळ बघितलं. पुढच्या आठवड्यात वेळ देतो, म्हणाले. पुढचा आठवडा म्हणजे सोमवारनंतर. हिबाकने कोपऱ्यातली लहान मुलांची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. गुडघे हनुवटीला लागत होते. पाठ केलेली सगळी वाक्यं पळून गेली होती. जेवढे शब्द उरले, तेवढे तिने एकेक करून ठेवले.

“माझा मुलगा गप्प नाही. ऐकतोय. तुमचं सगळं ऐकून झाल्यावर बोलेल. आमच्याकडे असंच बोलतात.” ती थांबली. लॉरा काही बोलायला गेली, तसा हिबाकने हात वर केला. “नाही. अजून संपलं नाही.”

लॉराने तोंड मिटलं. हिबाकने श्वास घेतला, आणि या वेळी मधे कुणीच उठलं नाही.