पंधरा वेळा मी आणि एक वीत

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबते ना, तीच. अंगाने पिवळी, एका टोकाला पितळी पट्टी, लांबी साठ इंच. म्हणजे साठ इंच होती. आता किती आहे ते सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागेल, म्हणून आधी चांगल्या दिवसांबद्दल बोलते.

कारखान्यात कापडाच्या पट्टीवर रंग चढवून, आकडे छापून मला तयार केले आणि एका शिलाईच्या दुकानात पाठवले. दुकान जिन्याखाली होते. आत एक मशीन, एक इस्त्री, कापड कापायचे लांब टेबल आणि एकच खुर्ची. गिऱ्हाईक बसले की शिवणारीने उभे राहायचे. ही शिवणारी म्हणजे ताई. तिचा धाकटा भाऊ अभ्यासाला तिथेच येऊन बसे, आणि वाढे. वाढे म्हणजे किती! दर तीन महिन्यांनी त्याची पँट आखूड होई. आत येताना त्याचे डोके जिन्याच्या फळीला आपटायचे, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत.

शिडी फार जोरात चेंडू टाकायचा. अडचण एवढीच होती, की तो कुठे जाईल हे त्याचे त्यालाही ठाऊक नसायचे. त्याचे खेळाचे गुरुजी म्हणाले, "रोज वेगळ्याच जागेवरून धावत सुटतोस. अंतर ठरव आधी." शिडी पावले मोजू लागला. ताईला ते पटले नाही.

"पावलांचं काय खरं आहे?" ती म्हणाली. "माणूस खुशीत असला की लांब पडतात, रुसला की आखूड. ही घेऊन जा. हिला राग नाही नि लोभ नाही."

अशी मी गळ्यातून खिशात गेले. चेंडू टाकताना जी ओलांडायची नसते, त्या रेघेपासून मागे मला पंधरा वेळा अंथरले, की शिडीची धाव सुरू करण्याची जागा येई. तिथून सुटला तर त्याची टाच रेघेच्या आत बरोबर चार बोटांवर पडे. सुरुवातीला मैदानावर हसू पिकायचे. "आला बघा, खेळपट्टीला झबलं शिवायला!" मग दोनतीन दांड्या उडाल्या आणि हसणाऱ्यांना आपापली कामे आठवली.

मित्रांनो, त्यानंतर बारा वर्षे तो देशासाठी खेळला. मोठमोठ्या मैदानांवरचे गवत माझ्या पोटाला लागले. तो धावत निघाला, की हजारो माणसे एकदम गप्प होत. चेंडू दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. असा दणकट गोलंदाज, पण कुणा फलंदाजाला चेंडू लागला, की सगळ्यांच्या आधी हाच पळत जाऊन विचारी, "लागलं का रे फार?" गल्लीगल्लीतली मुले चेंडू टाकण्याआधी सुतळीने अंतर मोजू लागली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. टेपेच्या अंगावर कुठे चढायचे, पण चढले.

मग एका दौऱ्यावर पावसात भिजून माझी पितळी पट्टी सुटली. टोकाचे धागे पिंजारले. शिडीने हॉटेलच्या खोलीत नखे कापायची कात्री घेतली, धागे सरळ रेषेत कापले आणि पट्टी पुन्हा चेपून बसवली. हौसेने केले बिचाऱ्याने, अगदी नीटही केले. पण अर्धा इंच गेला. मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

दोनच दिवसांनी अंतिम सामना होता. शेवटचे षटक, शेवटची जोडी. शिडीने मधली दांडी मुळासकट उपटली, सगळे त्याच्या अंगावर धावले, आणि अंपायरचा हात आडवा झाला. नो बॉल. पुढचा चेंडूही नो बॉल. त्या फुकटच्या धावांनी सामना गेला.

एक वर्षापूर्वी त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. झाले, सगळे खापर गुडघ्यावर. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, वर्तमानपत्रांनी त्याची चित्रे छापली, गुरुजी म्हणाले वय झाले. पुढच्या दोन सामन्यांत पुन्हा तेच. टाच रेघेच्या चार बोटे बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तो गुडघा शेकत बसे आणि चोर त्याच्याच खिशात. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. साठ सांगत होते आणि साठ नव्हते; टेपेला याहून मोठे पाप नाही.

निवड करणाऱ्यांनी निरोप पाठवला, की आता एकच सामना मिळेल. शिडीने तोही नको म्हणून निवृत्तीचे पत्र लिहिले आणि ताईला आधी दाखवायला दुकानात आला. डोके फळीला आपटलेच.

ताई कापड कापत होती. "थांब, बाही मोजू दे. माझी टेप कुठे गडप झाली कोण जाणे," असे म्हणत तिने त्याच्या पिशवीतून मलाच ओढले आणि टेबलावर पसरले. त्या टेबलाच्या कडेला छत्तीस इंचांवर खाच आहे. ताईने खाचेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. माझा आकडा साडेछत्तीस सांगत होता.

"हिला कुणी कापलं?"

"टोक पिंजारलं होतं गं. सरळ केलं. अर्धा इंच गेला असेल, त्याने काय होतंय?"

"किती वेळा टाकतोस हिला?"

"पंधरा."

"मग अर्ध्याचे पंधरा किती?"

शिडी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. "साडेसात," तो म्हणाला. त्याने आपलीच चार बोटे पाहिली, मग दुसऱ्या हाताची चार; चार आत, चार बाहेर. "ताई, मी महिनाभर या बिचाऱ्या गुडघ्याला शिव्या देतोय."

"टोक गेलं तर दहाच्या आकड्यापासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. पोरासोरांना कळतं. बरं, ते पत्र कसलं आणलंयस?"

"कुठलं पत्र?" शिडी म्हणाला, आणि ते चुरगळून खिशात कोंबले.

ताई मला फेकून देईल असे वाटले. तिने तसे केले नाही. तिला आपली नवी टेप कापडाखाली सापडली होती. तिच्यावर हात ताणून तिने वीत मोजली. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीपर्यंत, साडेसात इंच. "भरली बघ!" तेवढी पांढऱ्या कापडाची पट्टी तिने शिवून दिली. "पंधरा वेळा ही, आणि शेवटी माझी वीत."

त्या एका सामन्यात शिडीने सात बळी घेतले. अंपायरचा हात एकदाही आडवा झाला नाही. त्यानंतर तो आणखी सहा वर्षे खेळला, आणि गुडघ्याला कुणी पुन्हा नावे ठेवली नाहीत.

त्याच्या अखेरच्या सामन्याच्या सकाळी तो ताईला हाताला धरून मैदानात घेऊन आला. मला पंधरा वेळा अंथरले. पांढरी पट्टी मात्र खिशातून काढलीच नाही. "आज खरी वीत हवी," तो म्हणाला. ताई गुडघ्यांवर बसली आणि तिने गवतावर हात पसरला. कात्री चालवून चालवून तिची बोटे वाकडी झाली होती. तिने पुन्हा ताणून पाहिले, मला बाजूला धरून पाहिले.

"भरत नाही रे आता. अर्धा इंच कमी पडतोय."

"राहू दे," शिडी म्हणाला. "तेवढं मी सांभाळून घेईन."

त्याने ताईच्या करंगळीपाशी खूण केली. तिथूनच तो दिवसभर धावला, आणि त्याची टाच एकदाही रेघेबाहेर गेली नाही.

मित्रांनो, आता मी दुकानात खिळ्याला टांगलेली असते. लांबी साडेएकोणसाठ इंच. लपवण्यासारखे त्यात काही उरलेले नाही. माझे एवढेच मागणे आहे. वस्तू झिजतात, माणसेही झिजतात. झिजलेल्यांना फेकू नका आणि त्यांच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. किती झिजले ते नीट मोजा, आणि तेवढे आपल्या पदरचे घाला.