न्हाणीघराची कडी

सुताराच्या हातात देवाने कसब भरभरून घातलं होतं आणि जिभेवर थट्टा. एका घरातल्या न्हाणीघराची कडी तिसऱ्यांदा निखळली, तेव्हा तो घरच्या बाईला म्हणाला, "ताई, दाराशी हाडवैर आहे का तुमचं? माझ्या पोटापाण्याची मात्र सोय झाली."

बाई हसली नाही. नवरा मोकळेपणाने हसला. "मिस्त्री, या वेळी कडी काढूनच टाका. पोर आत अडकते, घाबरून आतून धक्के मारते, आमचा जीव टांगणीला लागतो."

"असू द्या ना, दादा," बाई हळूच म्हणाली. नवऱ्याला नव्हे, सुताराला.

सुताराने चौकट पाहिली. कडीचं घर स्क्रूसकट उपटलेलं, लाकडाचे ढलपे आतल्या बाजूला उभे. पण काम सांगणारे साहेब, आणि सांगणं लेकराच्या काळजीचं. त्याने भोकं लांबीच्या लगद्याने बुजवली, घासली, वर रंग फिरवला. इथे कधी कडी होती हे शपथेवर सांगूनही कुणाला पटलं नसतं. स्वतःच्या कामावर तो खूश झाला. माणूस भुलतो तो असा. वाईट करून नव्हे, चांगलं केलं म्हणून.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिचा हात ताटावरच थांबला.

"अहो, आत अडकलेली पोर दार आतल्या बाजूला कशी फोडेल? कुणीतरी बाहेरून धक्के मारलेत. आणि तुम्ही त्या माउलीची लपायची जागा बुजवून आलात, वर थट्टा करून."

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"उठा, आत्ताच जाऊ," ती म्हणाली.

"आत्ता साहेब घरी असतील. काय सांगून जायचं? सकाळी जाऊ."

सकाळी नवरा कामावर गेल्यावर दोघं गेली. बाईने एका हाताने दार उघडलं. दुसरा ओढणीच्या झोळीत होता. सुताराच्या हातातल्या जाडजूड कडीकडे तिने पाहिलं.

"काल लावली असतीत, तर शेजारणी धावून येईपर्यंत तरी टिकली असती, दादा." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"पोर कुठे आहे?" सुताराच्या बायकोने विचारलं.

"पलंगाखाली. बाहेर येत नाही."

"तिला घे आणि चल. आधी दवाखाना, मग पोलीस चौकी. मी तुझ्याबरोबर आहे."

"ते सांगतील, घसरून पडली. गेल्या वेळी शेजाऱ्यांना तेच सांगितलं, आणि मीसुद्धा मान हलवली."

"या वेळी मी सांगेन," सुतार म्हणाला. "तिन्ही वेळा दार बाहेरून फोडलेलं होतं. मी पाहिलंय."

बाईने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "पाहिलं होतंत?"

"हो, ताई."

ती आत गेली, पलंगापाशी बसून लेकीला चुचकारत राहिली. पोर बाहेर आली, ती सुताराच्या बायकोचं बोट धरून जिना उतरली.

चौकीतल्या पोलीसबाईने सुताराचं सगळं लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "एवढं दिसलं होतं, तर काल का बोलला नाहीत?"

शेजारच्या बाकावर ती बाई बसली होती, प्लास्टर केलेला हात मांडीवर घेऊन. साहेबांची भीड पडली, म्हणता आलं असतं. लक्षात आलं नाही, हेही म्हणता आलं असतं.

"बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "तेही लिहा."