पलीकडचे बारा झेंडे

“काका, मोर्चा किधर है?” कंडक्टरनं विचारलं.

चंपतरावांनी मांडीवरचे बारा लाल झेंडे पोटाशी ओढून घेतले. “मोर्चा नहीं. गाव के हैं.”

“गाव में इलेक्शन है?”

“रस्ता पार करनेके हैं.”

कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं नेरडीगोंड्याचं तिकीट काढून दिलं. बसमध्ये बसून रस्ता पार करणारं गिऱ्हाईक त्याच्या अख्ख्या नोकरीत पहिलंच असावं.

पण चंपतराव खरंच रस्ता पार करत होते.

चिंचखेडा हायवेच्या काठावर आहे. आदिलाबादकडे जाणारी बस गावाच्या बाजूला थांबते, नेरडीगोंड्याकडे जाणारी पलीकडे. बाजार, दवाखाना, हायस्कूल सगळं नेरडीगोंड्याला. म्हणजे जाताना चार लेन ओलांडायच्या. येताना मात्र बस दारात आणून सोडते. पलीकडे एक बसथांबा आणि त्यामागं सागाचं जंगल, याशिवाय काही नाही. बायांना बस फुकट झाल्यापासून पलीकडे जाणारी गर्दी दुप्पट झाली. पाच-सहा वर्षांत त्या रस्त्यावर चार माणसं गेली. गावानं दरखास्ती दिल्या. प्रत्येक दरखास्तीला पोच मिळाली, आणि पोचेच्या पुढं काही मिळालं नाही.

शेवटी आशा वर्कर द्वारकाबाईंनी समिती काढली. लाल कापडाचे बारा झेंडे शिवले, दोन्ही काठांवर खांबाला तेलाचा एकेक डबा ठोकला. अलीकडच्या डब्यातून झेंडा उचलायचा, उंच धरून ओलांडायचं, पलीकडच्या डब्यात ठेवायचा. नारळ फुटला. ट्रकवाले झेंडा पाहून खरोखरच वेग कमी करू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाराही झेंडे पलीकडे होते. जाणारा प्रत्येक जण झेंडा घेऊन गेला होता आणि येणाऱ्याला रस्ता ओलांडायचाच नव्हता. समितीच्या अकरा सभासदांपैकी एकाच्याही ही गोष्ट ध्यानात आली नव्हती. त्यात एक गणिताचे मास्तर होते.

“आता वापस कोन आनंल?” मास्तरांनीच विचारलं.

“ज्याचं दुकान डब्याजवळ, तो,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चंपतभाऊ, तुमी. दिवसातून दोनदा जायचं आन् घेऊन यायचं. झेंडा हातात राह्यल्यावर तुमाले कायची भीती?”

“भीती कायची,” चंपतराव म्हणाले, आणि तळहाताचा घाम त्यांनी हळूच धोतराला पुसला.

सहा वर्षांत त्यांनी तो रस्ता ओलांडला नव्हता. नेरडीगोंड्याला जायचं तर ते आधी उलट्या दिशेनं इच्चोड्याला जात, तिथं पुलाखालून पलीकडे होत आणि दुसऱ्या बसनं मागं येत. साठ पावलांसाठी दीड तास. ‘म्हाताऱ्याचं इच्चोड्यात कायतरी हाय’, असं गावानं ठरवून टाकलं होतं. चंपतरावांनी ते खोडून काढलं नाही. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा रंगेल म्हणवून घेणं त्यातल्या त्यात बरं.

झेंडेही ते तसेच आणत. आधी इच्चोडा, मग पलीकडचा थांबा, तिथून झेंडे घेऊन नेरडीगोंडा, तिथल्या पुलाखालून अलीकडे आणि परत गाव. एका खेपेत अर्धा दिवस जाई. समितीला फक्त डबा भरलेला दिसे.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. दुकानासमोरून ओलांडणारा कोणीही विचारायचा, “भाऊ, जाऊ का?” चंपतराव कधी ‘जा’ म्हणत नसत. “तुमचं तुमी पाहा,” म्हणून आत वळत. लोक म्हणत, एका शब्दाचाही कंजूष माणूस.

तो एक शब्दच तर होता. सहा वर्षांपूर्वीच्या एका बाजाराच्या दिवशी चंपतराव पोतं घेऊन आधी पलीकडे गेले. त्यांच्या पत्नी मथुराबाई वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन अलीकडे उभ्या होत्या. “येऊ का?” त्यांनी ओरडून विचारलं. चंपतरावांनी दोन्हीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. “ये,” ते म्हणाले. चढापलीकडून ट्रक केव्हा आला ते त्यांना दिसलंच नाही. पंचनाम्यात त्यांची चूक निघाली नाही. पाहुण्यांनीही सांगितलं, तुमची काही चूक नाही. सगळ्यांचं खरं होतं. शब्द मात्र त्यांचा होता.

झेंड्यांच्या खेपा सुरू झाल्यावर एका गुरुवारी सकाळी साडेनऊला चंपतराव इच्चोड्याच्या बसमधून पलीकडच्या थांब्यावर उतरले. रस्त्याकडे पाठ करून त्यांनी बारा झेंडे डब्यातून काढले. नेरडीगोंड्याची पुढची बस वीस मिनिटांनी होती. ती यायची वेळ होत आली तोच समोरून हाक आली.

“चंपत! तू व्हय का रे तिकडं?”

समोर, गावाच्या काठावर, जयवंताबाई उभी होती. वय सत्तरीच्या पुढं. पाच दिवसांपूर्वी एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्याचा तिला पूर्वीपासून फारसा भरवसा नव्हता.

“मीच व्हय, माय!”

“डबा खाली हाय रे! येकई झेंडा नाई!”

“सगळे इकडं हायत! तू थांब तिथंच!”

“काऊन थांबू? दवाखान्यात दहाले बलावलं हाय! बस येऊन राह्यली का?”

चढावर बस दिसत होती. सहा वर्षं हिशेबानं एकेक शब्द वापरत आलेल्या चंपतरावांनी धडधडीत खोटं सांगितलं. “नाई!”

बसनं हॉर्न दिला.

“लबाडा! माहा डोळा गेला हाय, कान नाई!” जयवंताबाईनं लुगड्याचा ओचा खोचला. “येऊ का?”

तोच काठ, तीच हाक. चंपतरावांना हो म्हणवत नव्हतं, नाही म्हणायला श्वास पुरत नव्हता.

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. एक पाय डांबरावर टेकवला.

“थांब!” चंपतराव ओरडले, आणि पाय आपलेच आहेत की नाहीत हे कळायच्या आत ते रस्त्यावर उतरले होते.

बाराही झेंडे दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेले. बसनं करकचून ब्रेक मारला. दुभाजकापलीकडे कापसानं भरलेला एक ट्रक येत होता. तोही फुसफुसत थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

“क्या चच्चा, रास्ता रोको है क्या?”

चंपतरावांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांना फक्त ती हिरवी पट्टी दिसत होती. अलीकडच्या काठावर पोचले तेव्हाही झेंडे डोक्यावरच होते.

जयवंताबाईनं मान वर करून पाहिलं. “येवढे कायले आनले रे? म्या तं येकटीच हाव.”

त्यांनी अकरा झेंडे डब्यात कोंबले आणि बारावा हातात ठेवला. दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. ते इतकं घट्ट, की ती म्हणाली, “हळू ना बापू, बांगडी फुटंल.” दोघं परत पलीकडे गेली. ट्रकवाला थांबून होता. बसही.

कंडक्टर तोच होता. त्यानं जयवंताबाईला हात देऊन वर घेतलं आणि एकुलत्या झेंड्याकडे पाहून विचारलं, “काका, आज बस नहीं?”

“आज नहीं,” चंपतराव म्हणाले.

बस गेली. ट्रकही गेला. समोर गाव होतं, दुकान होतं. दुकानाच्या पायरीवर द्वारकाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. चंपतरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे. रस्ता मोकळा होता. त्या दिवशी होता तसाच. पाय थरथरत होते. थरथर थांबेल म्हणून ते थोडा वेळ उभे राहिले; थांबली नाही, तेव्हा तसेच निघाले.

“चंपतभाऊ, झट्कन या ना!” द्वारकाबाई ओरडल्या.

त्यांनी पावलं भरभर उचलली नाहीत. उजव्या हातात झेंडा उंच धरला होता. डावा हात थोडा मागं होता, बोटं उघडी. आणि चाल, डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन मागून येणाऱ्या माणसाला गाठता यावी एवढीच.