चष्म्याची पावती

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, माझ्या झाकणावर एक जहाज रंगवलेले आहे. त्याचे शीड गंजाने खाल्ले, तरी जहाज ओळखू येते, याचा मला अजून अभिमान आहे.

कारखान्यातून मी बिस्किटे घेऊन बाहेर पडलो. ती एका घरातल्या दोन भावंडांनी दोन दिवसांत फस्त केली. मी भंगारातच गेलो असतो, पण त्यांच्या आईने मला धुतले, पुसले आणि माझ्या तळाला जाड कागद घातला. ती शिवणकाम करायची. आधी माझ्यात बटणे आली, मग मुलांच्या फीच्या पावत्या आणि पुढे तिच्या स्वतःच्या औषधांच्या.

मुलांचे संसार थाटले गेले, वडील गेले. आई सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकटीकडे राहू लागली. मी तिच्या मांडीवर बसून ये-जा करायचो. दोन्ही घरी तिला खाण्यापिण्याला काही कमी नव्हते. कमी होते ते बोलायला माणूस.

वर्षातून एकदा मात्र प्राप्तिकराचा अर्ज भरायची वेळ यायची. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाचे नाव अर्जात लिहिले आणि त्याच्या औषधपाण्याच्या पावत्या जोडल्या, की करात सूट मिळते. म्हणून थोरला मला टेबलावर उपडा करायचा आणि विचारायचा, "आई, ही कसली गं पावती?" मग आई सांगू लागायची. दाताच्या पावतीवरून गाडी वडिलांच्या कवळीवर जायची. दोन तास कसे गेले ते त्याला कळायचेही नाही. आठवड्याने धाकटी तिच्याकडच्या सहा महिन्यांच्या पावत्या घेऊन अशीच बसायची. दोघेही आपापल्या अर्जात तिचे नाव लिहितात हे आईला ठाऊक होते, पण तिने तोंडातून ब्र काढला नाही. तिला दोन्ही संध्याकाळी हव्या होत्या.

शेवटी कर कार्यालयाचे पत्र आले. एका माणसाचे नाव एकाच अर्जात चालते, असे त्यात होते. भावंडे ओशाळली, भांडली मात्र नाहीत. पुढच्या वर्षी त्याला वाटले ती लिहील, तिला वाटले तो लिहील. मोठ्या मनाने दोघांनीही रकाना कोरा सोडला.

आईने मला पुसून पंधरा दिवस टेबलावर ठेवले होते. कोणी येईना, तेव्हा तिने विचारले. झालेला घोटाळा थोरल्याने हसत हसत सांगितला.

"म्हणजे यंदा मी कोणाचीच नाही," आई म्हणाली आणि मला कपाटावर ठेवून आली.

तिथे मी वर्ष काढले; आई दुसऱ्या घरी गेली तेव्हाही तिने मला नेले नाही. पाल अंगावरून गेली तरी मला वाटायचे, कोणीतरी झाकण उघडतेय. मला माणसांच्या बोटांची फार आठवण यायची.

पुढच्या वर्षी नाव थोरल्याने लिहायचे ठरले. आई तेव्हा धाकटीकडे होती, तिथे तो आला. त्याला आता कागदही नको होते. "चष्म्याची पावती तेवढी दे, फोटो काढतो आणि निघतो," तो म्हणाला. ती पावती सगळ्यांत मोठ्या रकमेची होती. आई म्हणाली, सापडत नाही. कदाचित धाकटीला माहीत असेल. मग धाकटीलाही स्वयंपाकघरातून बोलावले.

दोघांनी मला जमिनीवर रिकामे केले. थोरल्याला एक बटण सापडले. ते त्याच्या पहिल्या मुलाखतीच्या सदऱ्याचे होते, ऐन सकाळी तुटलेले. त्या सकाळी आईने वडिलांच्या सदऱ्याचे बटण कापून त्याच्या सदऱ्याला लावले होते. वडील दिवसभर हाताची घडी घालून दुकानात बसले. हे त्याला आज कळले. तो बराच वेळ ते बटण हातात धरून बसला. चहा निवून गेला. आई बोलत होती आणि माझा जीव सुखावत होता.

धाकटीने माझ्या तळाच्या कागदाखाली हात घातला. तिची बोटे चार घड्या घातलेल्या पावतीला लागली. त्या घड्या आईने सकाळीच घातल्या होत्या. धाकटीने आईकडे पाहिले. आई खाली बघून बटणे गोळा करू लागली.

धाकटीने हात रिकामाच बाहेर काढला. "इथेही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा शोधू या, दादा."

मित्रांनो, आम्हा डब्यांना ओल लागू देऊ नका, अधूनमधून झाकण उघडत जा. आणि घरात कोणी म्हणाले की पावती हरवली, तर शेजारी बसून शोधा, सापडायची घाई करू नका. थोरल्याला मात्र यातले काही सांगू नका. तो अजून दर रविवारी शोधायला येतो.