निवाडा न करणारा अध्यक्ष

धर्मेंद्र आमच्या पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष. जुलैत तो नागपूरला तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर करून आला आणि गावाला त्याच्या शांततेचा ताप सुरू झाला. काहीही विचारा, उत्तराआधी तीन श्वास. रोज सकाळी तलावापासून पाटाच्या काठानं मौन पाळून चालायचं; याला म्हणे सजग चाल. मी संस्थेचा सचिव, पाण्याच्या पाळीचं रजिस्टर माझ्याकडे, म्हणून मोजून सांगतो: दोन महिन्यांत एक दिवस खाडा नाही.

सप्टेंबरात पावसानं ओढ दिली. पाटाच्या अगदी शेवटी जनाबाईची एकरभर बांधी. धान निसव्यावर आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि तीन पाळ्या होऊनही तिथं थेंब पोचला नव्हता. रजिस्टरात मात्र तिच्या नावापुढे 'पाळी पूर्ण'. अध्यक्षानं सांगितलं तसं मी लिहिलं. बांधावर जाऊन पाहिलं नाही, ही माझी लबाडी.

बुधवारी सकाळी जनाबाई फावडं घेऊन तलावाशी उभी.

"आज मले बी ने संग."

"काकू, मौन पाळा लागते," धर्मेंद्र म्हणाला.

"माह्या बांधीनं महिनाभर मौनच पाळलं, बाबू."

तो काठानं निघाला, ती सरळ पाटात उतरून पाण्यातून. रजिस्टर काखेत घेऊन मी मागं. कमलेशच्या शेतापर्यंत पाणी तिच्या पोटऱ्यांना होतं; पुढं एकदम घोट्याखाली. कमलेश म्हणजे धर्मेंद्रचा चुलतभाऊ. तिथं काठावरून एक जाड काळा पाइप त्याच्या शेतात गेला होता, वर गवत टाकलेलं. धर्मेंद्रनं खाली न बघता पाय उचलला आणि पाइप ओलांडला.

"थांब," जनाबाई म्हणाली. "न पाहता पाय उचलला तुनं. म्हणजे हे तुले मालूम हाये."

तीन श्वास. "रोज पाहतो, काकू."

"मंग?"

"शिबिरात सांगतलं, जे दिसते ते फक्त पाहाचं. निवाडा नाही कराचा. मन शांत राह्यते."

वीस वर्षं मी पाळ्या लिहितोय. पाणीचोरी लपवणारे पाहिले, नाकारणारे पाहिले. चोरी साधनेच्या खाती घालणारा हा पहिलाच.

"तुह्यं मन शांत राहावं म्हणून माह्यं धान पोटातल्या पोटात वाळून राहिलं," जनाबाई म्हणाली. "निवाडा नव्हता कराचा त अध्यक्ष कायले झाला? तलावात कमळ होऊन राह्याचं."

धर्मेंद्रनं डोळे मिटले.

"डोये उघड. उघड्या डोयानं पाह्य."

तेवढ्यात कमलेश शेतातून वर आला. "दादा, समजाव ना तिले. घरचंच हाये ना आपलं."

धर्मेंद्रनं त्याच्याकडे पाहिलं, मग जनाबाईच्या पायांशी उरलेल्या टीचभर धारेकडे. बूट काढायचंही त्याला सुचलं नाही. तसाच पाटात उतरला आणि पाइप ओढून काठावर फेकला.

"बरं केलं," जनाबाई म्हणाली. "आन् गेलेल्या तीन पाळ्या?"

धर्मेंद्र माझ्याकडे वळला. "लिहा. कमलेशच्या येणाऱ्या तीन पाळ्या काकूले."

"आता दिवाळीले घरी नोको येऊ, दादा," कमलेश म्हणाला आणि पाइप खांद्यावर टाकून निघून गेला.

मी लिहिलं. जनाबाईनं ते दोनदा वाचून घेतलं, मग जुन्या तिन्ही नोंदी माझ्याच हातानं खोडायला लावल्या आणि फावडं घेऊन पुढं पळाली. तिच्या बांधीचं तोंड गवतानं बुजलं होतं. पाणी पोचायच्या आत ते मोकळं करायला हवं होतं.